अर्थाचा बोल्ट

डावा इंडिकेटर दिला की वायपर दचकतो.
ब्रेक दाबला की मागचे दिवे मंदावतात
आणि डॅशबोर्डवर, कुणी सांगितलेलं नसताना,
अप्परची निळी खूण उजळते.
हॉर्न वाजतो तो फक्त उजव्या वळणावर.
"अंगात येतं हिच्या," म्हणते एदेल्मिरा बार्रिया
आणि जुन्या रेनोलेताचं दार कमरेने लोटून लावते.

आंकुदच्या धक्क्यावर पाऊस आडवा येतो.
या बेटावर मीठ चहाच्या कपातसुद्धा उतरतं,
पत्र्याची काय कथा.

तीन महिन्यांत तीन शहाणे झाले.
एकाने फ्लॅशर बदलला, एकाने बॅटरी,
भाच्याने सगळे फ्यूज बदलले
आणि एक कमी पडला तिथे
चॉकलेटची चांदी गुंडाळून बसवली.
ती चांदी नोल्बेर्तो कार्कामो आधी काढतो,
चिमटीत धरून तिच्यासमोर नाचवतो.
बोलत मात्र काही नाही.

तो काहीच बदलत नाही.
नुसता आत बसून एकेक बटण दाबतो, सोडतो,
वैद्य नाडी धरून
खिडकीबाहेर बघत राहतो तसा.
मग खिशातून काढतो बॉलपेनची रिकामी नळी,
आत इवलासा बल्ब, एका टोकाला सुई, दुसऱ्याला चिमटा.
फ्यूजला टोचतो. पेटतो.
स्विचला टोचतो. पेटतो.
मागे होल्डरपाशी, गंजाच्या पोपड्यांतही, पेटतो.

"येतेय की सगळीकडे," तो म्हणतो.
"हिचं अडतंय ते परत जायला."
परतीची वाट बुजली
की वीज शेजाऱ्यांच्या परसातून घुसते,
वायपरच्या मोटारीतून, हॉर्नच्या गळ्यातून,
जिथून फट मिळेल तिथून.
आपण म्हणतो भूत.

मीटरची काळी तार बॅटरीच्या उण्याला,
लाल तार दिव्याच्या पत्र्याला.
दिसायला हवं शून्य.
दिसतात चार व्होल्ट आणि वर थोडे.
वायर, बल्ब, बॅटरी, सगळं जागच्या जागी,
फक्त अर्थ लागत नाही.

बॅटरीखाली वाकून, गालाला चिखल लावून घेत
तो शोधतो तांब्याची चपटी वेणी
आणि तिच्या टोकाचा बोल्ट.
बोल्ट निळा.
वायसर निळा. खालचा पत्राही निळा.

एलेउतेरिओने होडी रंगवली होती त्या वर्षी.
अर्धा डबा उरला, तो रेनोलेताला.
दारं, बंपर, बोनेटची आतली बाजू,
प्रत्येक बोल्ट काढून, खाली ब्रश फिरवून,
वाळल्यावर पुन्हा आवळलेला.
इतक्या मायेने कुणी गाडी बिघडवली नसेल.
पुढची कितीतरी वर्षं आट्यांनी तेवढा स्पर्श धरून ठेवला,
मग मिठाने आटे खाल्ले.
तोवर होडीही राहिली नव्हती, तोही.

पॉलिश पेपर टेकतो न टेकतो तोच ती म्हणते,
"तिथलं खरवडू नकोस."
पाऊस. पत्र्यावर पाऊस.
नोल्बेर्तो स्क्रू-ड्रायव्हरने नखं साफ करत बसतो.
"नाण्याएवढंच," तो म्हणतो बऱ्याच वेळाने.
"कितीच्या?"
"पन्नासाच्या."
"दहाच्या."
"बरं, दहाच्या."

निळं उडतं, त्याखालचा तांबडा प्रायमर,
त्याखाली कारखान्यातला मूळ राखाडी,
मग एकदम उघडा, लखलखीत पत्रा,
बघू नये असं काही बघितल्यासारखा.
नवा बोल्ट. बोटभर ग्रीस.
मीटरवर शून्य, दशांशानंतरही एक शून्य, मग दोन.

ती ब्रेक दाबते. पुन्हा दाबते.
निळी खूण उजळत नाही.
वायपर आपला गप्प पडून आहे.
"फारच मुकाट झाली," ती म्हणते,
तक्रार की काय, कळत नाही,
आणि जांभळ्या बटाट्यांचं पोतं
त्याच्या दारात उतरवते.

"डब्यात थोडा रंग असेल अजून," ती जाता जाता.
"वरून लाव," तो सांगतो, "आता आवळलंय.
वरून हवा तेवढा लाव."

ती वळली, चर्चमागच्या चढाला लागली.
रस्ता तिथून सरळ आहे
तरी डावा इंडिकेटर
चालूच होता, दिसेनासा होईपर्यंत.