तिसरा बोर्ड

ओउलूमध्ये जानेवारीत तीन वाजताच अंधारतं.
तूरे सायकलवरून येतो, बर्फ झटकतो,
बिस्किटांच्या डब्यातून बोर्ड काढतो
लोकरी मोज्यात गुंडाळलेला.
मोज्यात नको रे, मी ओरडते, लोकरीत वीज साठते,
एका ठिणगीत खलास होईल.
तो मोज्याकडे बघतो. आजीनं विणलाय म्हणतो,
जणू त्यानं विजेला काही फरक पडणार आहे.

एकोणीस वर्षं मी फोनच्या कारखान्यात
मिनिटाला चार बोर्ड भिंगाखालून सोडले.
एकाचंही पुढे काय झालं ठाऊक नाही.
कारखाना बंद झाला तेव्हा भिंग मी विकत घेतलं,
का, ते आता कळतंय.

हा लॅपटॉप म्हणे सगळ्यांचा.
नकाशे उघडे, कुणीही घ्यावेत,
कुणीही बनवावा, मोडावा, पुन्हा जोडावा.
मी म्हटलं, आधी एक तरी चालू दे.
पहिले दोन बोर्ड माझ्या खिडकीत आहेत,
एकावर कुंडी.

मीटरची टोकं टेकवली.
तीन पूर्णांक तीन व्होल्टची रेघ, आणि ग्राउंड.
पीं.
म्हणजे शॉर्ट. आता घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा,
आणि तबेल्यात घोडी तीनशे बारा,
एकेक खसखशीएवढं.

जेमतेम एक व्होल्ट सोडला,
वरून स्पिरिट शिंपडलं.
बोर्ड ओला, काळा, चकचकीत.
दोघांनी श्वास धरला.
एका जागी ओल मागे सरकली,
ओट्यावर गरम पातेलं ठेवल्यावर सरकते तशी,
आणि कोरड्या गोलाच्या मधोमध
सी-एकेचाळीस.
चिमट्यात धरून उचलला तर वजनच नाही.
एवढ्याशा जिवानं सहा आठवडे खाल्ले.

पण पडदा काळाच.

ऑसिलोस्कोपवर एका तारेत लाटा,
पण अर्ध्याच उंचीच्या.
दुसऱ्या तारेत सपाट शांतता.
मी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला.
बोलणाऱ्याला बोलणारा जोडलाय, तूरे,
ऐकणाऱ्याला ऐकणारा.
इकडे दोघं एकमेकांवर ओरडताहेत,
तिकडे दोघं नुसतेच कान लावून बसलेत.

रैमो आणि मी अशी अकरा वर्षं काढली.
हे तूरेला सांगितलं नाही. ब्लेड मागितलं.

रेघ मीच कापली, त्यानं तोंड फिरवलं.
मग दोन तारा, केसाहून बारीक,
एकमेकींना ओलांडून डाखल्या.
चष्म्यावर राळेचा धूर.
बाहेर बर्फाचं यंत्र घरघरत गेलं,
टेबल हललं, एक तार सुटली,
पुन्हा डाखली.

रात्री पावणेदोनला पडद्यावर एक ओळ आली,
पांढरी, वाकडी:
मेमरी सापडली नाही.

तूरे उड्या मारायला लागला.
मेमरी नाही, पडदा वाकडा, पंखा उलटा फिरतोय,
आणि हा माझ्या स्वयंपाकघरात उड्या मारतोय.
त्याचंही खरंच.
माझी आई दवाखान्यात शुद्धीवर आली
तेव्हा पहिलं वाक्य होतं, चहा गार आहे.
आम्ही सगळे रडलो होतो.

नकाशाच्या कडेला तो लिहीत बसला:
तारा उलट्या जोडल्या, चूक माझी,
सापडली इर्मेलीला.
माझं नाव खोड म्हटलं, उगाच.
खोडलं नाही त्यानं.
मी कॉफीचं पाणी ठेवलं
आणि मेमरीच्या बाजूचे डाख
डावीकडून मोजायला घेतले.