भाडेपावती

सातारच्या सैनिक कल्याण कार्यालयात
बोडरे क्लार्कनं चष्मा कपाळावर सरकवला,
"बाई, ही शिष्यवृत्ती शिक्षणाची.
तुम्ही तर घरभाडं लिहिलंय."

मी छत्तीस तासांची ड्यूटी उतरून
पहाटेच्या एस्टीनं आले होते.
म्हटलं, साहेब, मिरजेच्या सरकारी दवाखान्यात
रेसिडेंटच्या होस्टेलला एका खोलीत पाच जणी.
विद्यावेतन तीन महिने थकलंय.
आणि मी झोपले नाही तर
कुणाच्या तरी डोसमध्ये दशांशचिन्ह चुकेल.
हे शिक्षणच आहे.

त्यानं अण्णांचं डिस्चार्ज बुक उघडलं.
हवालदार हैबती शेडगे, सिग्नल्स.
बावीस वर्षं, सात महिने.
बोटाला थुंकी लावून पानं उलटली,
शिक्का मारता मारता पुटपुटला,
"भाड्याला रकाना नाही.
'इतर'मध्ये टाकतो."

खोली सतारमेकर गल्लीत, गौसभाई शिकलगारांच्या माडीवर.
गच्चीत भोपळे वाळत ठेवलेले.
मी स्त्रीरोगची,
येता-जाता प्रत्येकाला महिना लावते:
हा सातवा, हा भरत आलेला,
हा आडवा आहे, याचं सिझर.

गौसभाईंनी डिपॉझिट मागितलं नाही.
"आमचे पणजे तलवारींना धार लावायचे.
लढाया संपल्या, मग तारा लावायला शिकले.
फौजीची लेक ना तू? वेळेवर देशील."

वेळेवर देते.
राहत मात्र नाही.
महिन्याचे तास मोजले तर
स्टेशनजवळचं लॉज स्वस्त पडलं असतं.

दिवाळीनंतर अण्णा आले, खोली बघायला.
मी लेबर रूममध्ये, जुळ्यांच्या पायाशी.
सकाळी परतले तर
बूट दाराशी, टाचा जुळवून.
ठिबकणाऱ्या नळाला सुतळी.
कॉटवरच्या चादरीला एक सुरकुती नाही
आणि अण्णा खाली, सतरंजीवर.

"वर का नाही झोपलात?"
"भाडं तुझ्या नावाचं आहे."

गावी त्यांचा पलंग
असाच अंथरलेला असायचा,
वर्षातले दहा महिने.
आई रोज झटकायची.
आम्हा पोरांना त्यावर बसायची बंदी.
हे बोलायचं होतं. जांभई आली.

खाली कुणीतरी नवी तार पिळत होतं.
अण्णांनी कान दिला, वायरलेसवर बसावं तसा.
"अजून जरा उतरलेली आहे," म्हणाले.
तार चढली की नाही, मला ठाऊक नाही.

उठले तेव्हा उन्हं कलली होती
आणि त्यांची गाडी गेलेली.
सतरंजीची चौकोनी घडी,
वर माझ्या पाच महिन्यांच्या पावत्या,
कुठून कुठून शोधून, तारखेनं लावून,
टाचणी मारून.
सोबत चिठ्ठी, पेन्सिलनं:
जून महिन्याची सापडत नाही.
गौसभाईंकडून दुसरी घे.
बोडरेला लागेल.