वजनांची पेटी

चाकणच्या कंपनीतले चारही काटे
बाराच्या आत तपासून झाले.
चौथा अठरा ग्रॅम जास्त दाखवत होता,
तो सरळ केला, सील लावलं,
सुपरवायझरने गार पोहे खायला घातले.
जालन्याची गाडी रात्री साडेदहाला.
मधे एवढं मोठं पुणं.

हातात पेटी. आत पितळेची वजनं,
दहा ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत,
मखमलीच्या खळग्यांत आपापल्या जागी निजलेली.
त्यांना उघड्या हाताने शिवायचं नसतं,
बोटांच्या घामानेही वजन वाढतं.
नवरा म्हणतो, तू हल्ली कणीकसुद्धा
हातमोजे घातल्यागत मळतेस.

शिवाजीनगरला सामान ठेवायची खिडकी.
"पेटीत काय?"
"वजनं."
"कसली?"
"खरी."
त्याने पेटी माझ्याकडे परत सरकवली.
"याची जबाबदारी आम्ही नाही घेत, मॅडम."

म्हणून मी आणि बारा किलो
पाताळेश्वराच्या पायऱ्या उतरलो.
वर हॉर्न, खाली कातळाचा गारवा.
नंदीच्या गोल मंडपात कॉलेजची दोन पोरं
एकच इअरफोन वाटून घेऊन बसलेली.
खांबाला पाठ टेकली, हात चोळला,
आणि धंद्यातला हिशेब डोक्यात आला:
इथे कुणी काही आणलंच नाही.
सगळं होतं, त्यातून फक्त काढत गेले.
काढलेला दगड कुणी मोजला असेल?
आमच्या तक्त्यात उणे म्हणजे दोष.
इथे उणे करता करता
देव शिल्लक राहिला.

रिक्षा डाव्या अंगाला कलली.
"सोनं आहे का काय, ताई?" तांबोळीने आरशातून विचारलं.
"सोनं नाही. सोनं मोजायचं."
तो उगाच मीटरकडे बघायला लागला.

म्युझियमच्या दारात वही.
नाव: सुलोचना खिल्लारे. गाव: जालना.
येण्याचं कारण.
पेन तिथेच अडलं.
दिवसभर सगळ्या गेटांवर मी 'काम' लिहीत आले होते.
रकाना कोरा सोडला.
वायदंडे नावाच्या गार्डने पेटी उघडायला लावली,
पाचशे ग्रॅमवर बोट नेलं.
"हात लावू नका," मी ओरडलेच.
तो हसला, मागची पाटी दाखवली:
वस्तूंना हात लावू नये.
"आमचंपण तेच की, ताई."

अडकित्ते पाहिले, दिवे पाहिले,
एक कंगवा, कुणाच्या तरी केसांची आठवण नसलेला.
मग काचेमागे तराजू.
दोन्ही पारडी रिकामी,
तरी डावं खाली.
किती? नजरेने तीन ग्रॅम.
या तराजूवर मिरी मोजली असेल, हळद, बाळंतिणीचा डिंक,
आणि दर खेपेला तीन ग्रॅम
कुणाच्या तरी घरी कमी पोचले असतील.
कुणाला कळलं नसेल. लाडू गोडच लागले असतील.
वीस मिनिटं उभी होते.
काच नसती तर दुरुस्त केला असता,
आणि मग तो इथे ठेवण्यासारखा उरला नसता.

मंडईत संध्याकाळ. अंजिरं.
"अर्धा किलो द्या."
बाईने काट्यावर पिशवी ठेवली,
आकडा जरा लवकरच थांबला.
मला दिसलं. मी काही बोलले नाही.
"एवढं काय वागवताय, पेटीत?"
"वजनं. काटे तपासते मी."

तिचा हात थबकला.
मागे बसलेल्या पोराने मोबाइल खाली ठेवला.
मग तिने न बोलता
पिशवीत आणखी दोन अंजिरं टाकली,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

रात्री गाडीत खिडकीची सीट.
पेटी दोन पावलांच्या मधे.
वाघोली गेलं, दिवे विरळ झाले,
आधी ती वरची दोनच खाल्ली.
बोटं चिकट झाली.
आता जालन्यापर्यंत
पेटी उघडायची सोय नाही.