काओलाकचा शिंपी

आधी टोप्या. चारशे पिवळ्या, चारशे जांभळ्या.
मतदान पुढे ढकललं, तेव्हा दोन्ही रंग
एकाच पोत्यात पडून होते. उंदरांनी पक्ष पाहिला नाही.

मग म्हातारा कोरावादक गेला.
बिरामने मशीन झाकलं;
पाय मात्र सवयीने
रिकामंच पायडल हलवत बसला.

उन्हाळ्यात मामूर पहिलवान आला.
लंगोटाला आतून ताईत शिवायचा होता,
आईने दिलेला, कुणाला दिसता कामा नये.
चौथ्या मिनिटाला मामूर वाळूत पालथा.
आठवडाभर गल्लीतलं कुणी
साधं बटण लावायलाही फिरकलं नाही.

निकाल लागला.
हरलेल्यांनी जांभळ्या टोप्या नेल्या, पैसे मोजून दिले.
जिंकलेले म्हणाले, आता टोपी कशाला?
शिंप्यालाच टोपी घातली, बायको म्हणाली,
आणि हसता हसता खोकली.

फायनलच्या आदल्या रात्री
अख्ख्या गावाला झेंडे हवे होते.
हिरवं आणलं, लाल आणलं उधारीवर.
पिवळं पोत्यात होतंच. उसवलं, जोडलं, पहाट झाली.

पेनल्टी खांबाला लागली.

झेंडे आता दारांना पडदे झालेत.
सकाळचं ऊन मागून आलं
की मधल्या पट्टीत
मंत्रीसाहेबांचं अर्धं नाव दिसतं,
उलटं.