अर्थ

वडाळा नाक्यावर छत्तीस वर्षं
मी गाड्यांच्या छातीला कान लावत आलो.
लांब स्क्रू-ड्रायव्हर, लाकडी मूठ कानाशी,
टोक टॅपेट कव्हरवर.
कुणाचं खरंच दुखतंय, कोण नुसतं कुरकुरतंय
ते मुठीतून कळायचं.
प्लॅटिनमचा गॅप काडेपेटीच्या खपटाने धरायचो.

मग त्या गाड्या आल्या
ज्यांच्या बॉनेटखाली प्लास्टिकचं झाकण,
झाकणाखाली अजून एक.
बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, हे माझं हत्यार.
टोचलं एकदा ईसीएमच्या पिनेला.
बल्ब पेटलाच नाही.
बावीस हजार. सिडकोतल्या एका मास्तरांची गाडी.
सहा महिने फेडले. मास्तर चहाला येत राहिले,
त्याचंच जास्त लागलं.

आता दर शनिवारी सातपूरला, आयटीआयत,
एकोणीस वर्षांच्या पोरांमागे शेवटच्या बाकावर.
हाके मॅडम फळ्यावर रेघ ओढतात, शून्य ते पाच व्होल्ट.
पोरं मोबाइलवर फोटो काढतात, मी वहीत उतरवतो:
पी शून्य चारशेवीस – धुराड्यात लबाडी.
पी शून्य तीनशे एक – पहिला सिलेंडर दांडीबहाद्दर.
मॅडमनी वही मागून नेली. झेरॉक्स काढून परत दिली.

काल ओझरची गाडी. डॅशवर पाच दिवे एकदम.
इस्तियाकने स्कॅनर लावला. पाच कोड, पाच सेन्सर,
एकवीस हजारांची यादी.
"उस्ताद, ऑर्डर टाकू?"
थांब म्हटलं. घरातले पाचही जण एकाच दिवशी आजारी पडले
तर आधी पिण्याचं पाणी बघावं.
मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला,
दुसरी इंजिनच्या अंगाला. मार सेल्फ.
एक पूर्णांक चार.
तिथे जवळजवळ शून्य हवं होतं.

गिअरबॉक्सच्या मागे, हात जेमतेम शिरतो तिथे,
दहाच्या पान्याचा बोल्ट, हिरवा पडलेला.
डोळ्यांना नाही, बोटांना दिसला.
पॉलिश पेपर, बोटभर व्हॅसलीन.
इस्तियाकने कोड पुसले, ओझरपर्यंत चक्कर मारून आला.
एकही परतला नाही.

मालक म्हणाला, काय बदललं?
काहीच नाही.
मग पैसे कशाचे?

हे मलाही नीट सांगता येईना.
गांगुर्डे ऑटोच्या बिलबुकात कार्बन सरळ केला, लिहिलं:
अर्थ लावला. रुपये चारशे.

त्याने दोनदा वाचलं, हसला,
आणि साडेतीनशेच दिले.