बुड, राजा

खिडकीपासून पन्नास पावलांवर फियोर्ड,
आणि बाबा सान्नेसच्या दुकानातून मिठाची गोणी वाहून आणतात.
मोजतात, ढवळतात, एक थेंब भिंगाखाली धरतात,
बादलीत समुद्र कालवतात, पंचवीस अंशांचा.
"बाहेरच्यात गारठून मरेल तो."
चार शब्द. त्या दिवशीचे जवळजवळ सगळे.

नवा मासा मंगळवारी आला.
बोटाएवढा, नारिंगी, गालावर जांभळी रेघ,
आणि आल्यापासून उलटा: शेपूट वर, तोंड खाली.
पोहून पोहून जेमतेम वीतभर खाली जाई
की बुचासारखा परत वर.
पाठ पाण्याबाहेर, पाठीवरचा रंग सुकत चाललेला.
दुकानदार फोनवर म्हणाला, बदलून देतो.
बाबांनी फोन ठेवून दिला.

कुणीतरी त्याला खोलातून फार घाईनं वर ओढलं होतं.
आतली हवेची पिशवी वाटेत फुगली,
ती रिती करायला सवड कुणी दिली नाही.
बाबांना हे कुणी सांगावं लागलं नाही.
ते उत्तर समुद्राच्या तळाशी नळ जोडत,
पोलादी खोलीत तीन-तीन आठवडे राहत,
हेलियमनं बदकासारखे झालेले आवाज घेऊन.
वर यायला सहा दिवस लागत.
"चंद्रावरनं माणसं लवकर येतात," आई म्हणायची,
आणि भांडी जरा जोरात आदळायची.
ओडमुंडकाका एकदा लवकर आले.
त्यांचं नाव आमच्याकडे जेवताना निघत नाही.

पहिल्या रात्री पिठाची चाळणी टाकीत उपडी घातली,
वर एक उकळून घेतलेला धोंडा.
चाळणीखाली मासा, छताला टेकलेला,
पण निदान सगळाच्या सगळा पाण्यात.
बाबा खुर्ची ओढून बसले. कॉफी तशीच गार झाली.

सकाळी फडताळात आईची इन्सुलिनची सुई सापडली,
दोन वर्षं कुणी न हलवलेल्या डब्यात, सीलबंद.
"राग्नहिल, हात ओले कर. कोरड्यानं धरू नकोस."
मी धरला. मुठीत एक घाबरलेली नाडी, बाकी काही नाही.
छातीच्या पराच्या मागे, खवल्याच्या खालून, तिरकी.
बाबांचे हात कपबशीपाशी थरथरतात,
तिथे थरथरले नाहीत.
दट्ट्या मागे ओढला. रक्त आलं तर थांबायचं ठरलं होतं.
रक्त नाही. हवा.
नळीत दोन रेघांइतकी, दिसायला काहीच नाही.

सोडला. तरंगला.
आम्ही दोघं पुटपुटत होतो
जगात कुणी कुणाला देत नाही तो आशीर्वाद:
बुड, राजा. बुड.
आणि तो बुडाला,
डावीकडे झुकत, अंधारात जिना उतरणाऱ्या
माणसासारखा पायरी चाचपत.
वाळूला टेकला. कल्ले हलत राहिले.
त्यानं तळ गाठला म्हणून बाबांनी टेबलावर थाप मारली,
सांडलेलं मीठ उडालं.

शुक्रवारी तो पुन्हा वर होता.
पुन्हा चाळणी, धोंडा, सुई. या वेळी एकच रेघ.
रविवारी त्यानं कोळंबीचा कण झेलला,
पहिला चुकला, दुसरा झेलला.
अजून डावीकडे कलतो. कलेल बहुधा कायमचा.
"आपण कुठे सरळ आहोत," बाबा म्हणाले,
आणि आपला दुखरा खांदा दाबत राहिले.

रात्री मी चाळणी घ्यायला गेले तर दिवा घालवलेला,
फक्त टाकीचा निळा उजेड,
आणि बाबा काचेला तोंड लावून माशाशी बोलत होते.
"सहा दिवस," म्हणत होते. "मी मोजायचो.
ओडमुंडही मोजायचा रे. चांगला मोजायचा."

मी दारातूनच वळले,
जिना सावकाश चढले.
पिठाची चाळणी नवी आणावी लागेल.