शिक्केवाला साक्षीला राहतो

मात्सुएला, सरोवराकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं दुकान आहे. फळीवर लाकडाचे तुकडे,
बशीत शेंदरी शाई, भिंगाला बांधलेला दोरा.
पंचावन्न वर्षं मी आडनावं उलटी कोरतो.
उलटं कोरलं की सुलट उमटतं,
एवढं एकच शास्त्र मला येतं.

लग्न ठरलं की बायका यायच्या.
नव्या आडनावाचा शिक्का घ्यायच्या,
जुना काउंटरवर ठेवून विचारायच्या,
याचं काय करतात हो?
मी म्हणायचो, ठेवून द्या.
त्या इथेच ठेवून जायच्या.
खालच्या खणात आता दोनशेच्या वर आहेत;
खण ओढला की खडखडतात
सुकलेल्या शिंपल्यांसारखे.

कायदा साधा आहे: एका घराला एक आडनाव.
कुणाचं, ते दोघांनी मिळून ठरवायचं.
दोघं मिळून ठरवतात,
आणि शंभरातल्या पंचाण्णव वेळा
बदलते ती बाई.
खोटं कशाला बोलू,
त्या पंचाण्णवांवर माझी चूल पेटली.

मिझुनुमा साहोको सरोवरातल्या शिंपल्यांवर संशोधन करते.
आठ वर्षं झाली, ती तोदोरोकी लावते.
निबंध मिझुनुमाचे, पगार तोदोरोकीचा,
पासपोर्टात जुनं नाव कंसात.
कोपनहेगनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने
कंसावर बोट ठेवून विचारलं, ही कोण?
"चाळीस मिनिटं मी आणि ती, दोघी रांगेबाहेर,"
असं सांगून ती हसली. मी हसलो नाही.

टोकियोत विधेयक आहे. म्हणजे, असतं.
तीस वर्षांपूर्वी तज्ज्ञांनी शिफारस केली,
तो कागद आता पिवळा झाला असेल.
जिनिव्हाची समिती मधूनमधून आठवण करते,
आमचं सरकार आभार मानतं.
रेडिओवर एक खासदार म्हणाले,
आडनावं दोन झाली तर घर फुटेल.
एका आडनावाची किती घरं फुटली, मला विचारा की.
परतीचे शिक्केही मीच कोरतो.

शिक्क्याची सक्ती मात्र झटक्यात उठली.
नगरपालिकेच्या अर्जावर आता तो ऐच्छिक.
माझा धंदा मोडायला काही महिने पुरले;
तिचं नाव तिच्याकडे राहू द्यायला
तीस वर्षं पुरत नाहीत.
वाईट वाटलं. नक्की कशाचं,
ते अजून कळलेलं नाही.

गुरुवारी दोघं आली, एका छत्रीत.
हिरव्या छपाईचा फॉर्म काउंटरवर पसरला.
घटस्फोट. कागदावरचा.
"भांडण नाही," तोदोरोकी घाईने म्हणाला,
"रात्री शिंपल्यांचं सूप आहे, या तुम्ही."
दोन साक्षीदार लागतात. एक तिची बहीण.
मूल झालं की पुन्हा लग्न करणार,
मग पुन्हा हाच हिरवा फॉर्म.
"तेव्हाही तुम्हालाच त्रास देऊ."

मी चष्मा पुसला. पुसलेला परत पुसला.
मग तिचा शिक्का शोधायला सगळा खण उपसला.
तिचा वरच सापडला होता.
तरी उपसत राहिलो.
तळाशी, कापसात: उशिओदा.

दुकान सासऱ्यांचं. त्यांना मुलगा नव्हता,
म्हणून घरजावई आणला.
एकविसाव्या वर्षी माझं नवं आडनाव
मी माझ्याच हाताने कोरलं.
सासरे म्हणाले, हात चांगला आहे.
आई पुढे पत्रावर कुरामोची लिहायची,
पण पहिली रेघ दरवेळी चुकायची
आणि तिच्यावरच ती उरलेलं नाव बसवायची.

फॉर्मवर मी कुरामोची लिहिलं.
साहोकोने तिच्या शिक्क्याचे पैसे विचारले.
मी म्हटलं, तुमचाच आहे, नुसता राहिला होता.

रात्री सूपला गेलो.
दारावर नवी पाटी, दोन आडनावं,
पावसाने दुसऱ्याची शाई जरा ओघळलेली.
बेल वाजवली.
आतून ती म्हणाली, कोण?
मला सांगायला
थोडा वेळ लागला.